मान डोलावणारा लाकडी नंदी: पोळ्याला न अडकणारे गिअर कसे कापावेत

मे महिन्यात नागपुरात कापलेला लाकडी गिअर पोळ्याला अडकतो. हात कितीही साफ असला तरी अडकतो. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते आणि लाकूड वाळून आकसलेलं असतं. श्रावणात तेच लाकूड ओल पितं आणि फुगतं. म्हणून दात आखायच्या आधी चाक कोणत्या महिन्यात फिरणार आहे, ते ठरवायचं.

आपलं चाक फिरणार तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसाळ्यात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: नागपुरात या दिवशी लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. ही प्रथा १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात. बाजारातला नंदी देखणा असतो, पण त्याची मान स्थिर. पोरगं दोरी ओढेल तशी मान वर-खाली डोलली पाहिजे, आणि त्यासाठी मोटर नको, सेल नको, दोन लाकडी गिअर पुरतात.

मागच्या आसावर थेट कॅम, म्हणजे फिरताना मान उचलणारा वाकडा तुकडा, बसवला तर गिअर लागतच नाहीत, मग ते कशाला? चाक १०० मिलिमीटर व्यासाचं घेतलं की त्याचा घेर साधारण एक फूट येतो. पोरगं नंदी ओढत सेकंदाला दोन-अडीच फूट चालतं, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच फेरे. त्या वेगाने मान हलली तर बैलाला हुडहुडी भरल्यासारखी दिसते. आसावर १२ दातांचा गिअर आणि त्याच्या दातांना भिडणारा ३१ दातांचा दुसऱ्या आसावर बसवला, की मान सेकंदाला जेमतेम एकदा डोलते. बैलाची चाल तिथे दिसते.

३०ऐवजी ३१ का? १२ आणि ३० घेतले तर छोट्याचा प्रत्येक दात मोठ्याच्या त्याच त्या पाच दातांना भेटत राहतो. हाताने कापलेल्या गिअरमध्ये दोन-चार दात वाकडे निघतातच, आणि तेच एकमेकांना घासून खड्डे पाडतात. ३१ घेतले की प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. जुन्या पाणचक्क्या बांधणारेही असाच एक दात जास्तीचा ठेवत. छापील नकाशावरून कापताना ३१ दात ३०पेक्षा अवघड नाहीत.

मापं अशी. मॉड्यूल ४ धरा, म्हणजे दातांच्या संख्येला ४ने गुणलं की मेळवर्तुळाचा (दोन गिअर जिथे एकमेकांना भिडतात त्या कल्पित वर्तुळाचा) व्यास मिळतो: छोट्याचा ४८ मिमी, मोठ्याचा १२४ मिमी. बाहेरचा व्यास त्यात ८ मिळवून, ५६ आणि १३२. दातांच्या बुडाचा व्यास १० वजा करून, ३८ आणि ११४. दोन आसांमधलं अंतर ८६ मिमी. हिशेबाने दात ६.२८ मिमी जाड येतो, पण तेवढा ठेवू नका. ५.८ ठेवा. हा अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणा पावसाळ्यासाठी आहे.

गिअरला प्लायच घ्या, १२ मिमीचा. सागवानाचा मोह होतो. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, पेठेत सीपी टीक म्हणून ओळखला जाणारा सागवान बघितला की हात आवरत नाही. पण एकाच फळीतून कापलेल्या गिअरमध्ये दोन बाजूंचे दात रेषेला आडवे येतात आणि पहिल्या धक्क्याला तुटतात. शिवाय लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही, आडवं मात्र फुगतं. सागवानातली ओल ५ टक्क्यांनी वाढली तर १०० मिमी रुंदीला जवळपास १ मिमी वाढतो, म्हणजे गोल चाक अंडाकृती होतं. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्याने ही भानगड फार कमी. सागवान आस, डोकं आणि शिंगांना वापरा. तो तेलकट असतो, तेव्हा फेविकॉल लावायच्या अगदी आधी पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर जोड सुटतो.

प्लाय घेताना कड बघा. मधल्या थरात पोकळी दिसली तर तो तुकडा परत करा. पोकळीवर आलेला दात टिकत नाही. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय महाग पडतो, पण दोन गिअरला लागतो केवढासा.

नकाशा इंकस्केप या संगणकावरच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट काढता येतो, त्यात गिअर काढायची सोय आहे. छापताना शंभर टक्के मापावरच छापा आणि पट्टी लावून १३२ मिमी भरतात का ते मोजा. प्रिंटर पान बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो आणि मग मेळ बसत नाही. प्लायवर आधी मास्किंग टेप, त्यावर कागद, म्हणजे शेवटी सोलून निघतो.

सर्वात आधी मधलं भोक. हे भोक तिरकं गेलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ड्रिल स्टँडला लावूनच पाडा आणि खाली टाकाऊ फळी धरा. मग दोन दातांमधल्या प्रत्येक गाळ्याच्या तळाशी ३ मिमीचं भोक. फ्रेट सॉचं (नक्षी कापायच्या बारीक करवतीचं) पातं तिथे वळतं, कोपरा फाटत नाही. रेघेच्या बाहेरून कापा आणि रेघेपर्यंत कानशीने या.

आता दोन्ही गिअर फळीवर दोन खिळ्यांत बसवून फिरवा. दातांवर मऊ पेन्सिल चोळा. जिथे घासतं तिथे शिसं चकाकतं. तेवढाच डाग कानशीने उतरवा, शेजारचा भाग सोडा. छोटा ३१ वेळा आणि मोठा १२ वेळा फिरला की सगळ्या जोड्या एकदा भेटून झाल्या. त्याच्या आधी उठू नका.

आस १० मिमीचा, पण तो ज्या ठोकळ्यात फिरतो त्याचं भोक ११चं. लोक ते १० मिमीचं घट्ट पाडतात आणि पावसात दोष गिअरला देतात; फुगलेला असतो आस. छोटा गिअर आसावर फेविकॉलने बसवून ३ मिमीची बांबूची खुंटी आरपार ठोका. मागच्या दोन चाकांपैकी एकच आसाला पक्कं करा, दुसरं मोकळं. दोन्ही पक्की केली तर वळताना एक चाक घासत जातं. पक्क्या चाकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ते घसरतं आणि मान थांबते.

मोठ्या गिअरच्या मध्यापासून १२ मिमीवर खुंटी, तिथून दांडी पुढे मानेच्या आतल्या टोकाला. मानेच्या खिळीपासून ते टोक ४० मिमीवर ठेवा; मान दोन्हीकडे सतराएक अंश डोलते. डोकं जड असतं, ते खाली जाताना गिअरला ढकलतं आणि सैलपणामुळे टक टक आवाज येतो. मानेच्या आतल्या टोकाला दोन-तीन लोखंडी नट बसवून तोल साधा, आवाज बंद.

दातांना आणि कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. ओल थांबत नाही, पण सावकाश शिरते. वर मेणबत्ती घासा. तेल अजिबात नको, धूळ चिकटते आणि दात चिखलाने भरतात.

मोठ्या गिअरचा आस ज्या ठोकळ्यात बसतो, त्याच्या स्क्रूची भोकं लांबट ठेवा, २ मिमी सरकण्याइतकी. पोळ्याच्या आठवडाभर आधी दुमडलेल्या पोस्टकार्डाची पट्टी दातांमध्ये धरून ठोकळा टेकवा, स्क्रू आवळा, पट्टी ओढून काढा. दोरी फळीच्या पुढच्या कडेला खाली बांधा, मानेला नाही. उन्हाळ्यात नंदी खडखडायला लागला तर काही बिघडलेलं नसतं, ठोकळा अर्धा मिमी जवळ घ्यायचा आणि आषाढात परत मागे.