पद्मिनीची वायरिंग : किल्ली तापण्याचा छडा लागला

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की खंबाटकी घाट चढताना माझी प्रीमियर पद्मिनी गाडी झटके खाते आणि केबिनमध्ये जळकट वास येतो. घाटात पद्मिनी रुसली की आपण पहिला आळ व्हेपर लॉकवर (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) घेतो. मीही तेच केलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, वीस मिनिटं थांबलो. गाडी निघाली, पण सुरूरच्या आसपास अंधार पडला, हेडलाइट लावले आणि पुन्हा तेच. बंद करताना किल्लीला हात लावला तर चटका बसला.

मग नाना पेठेतून नवी इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणून लावली. फरक शून्य. कॉइल हाताला गरम लागणं तसंही नॉर्मल आहे, पैसे उगाच गेले. (घ्यायचीच असेल तर दुकानातच प्रायमरीचा (बॅटरीच्या बाजूच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स मोजा. तीन ओहमच्या आसपासची थेट बारा व्होल्टवर चालते. दीड ओहमची बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (करंट आवरणाऱ्या रेझिस्टरशिवाय) जोडलीत तर आठ अँपिअर खेचेल आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) जाळेल.)

डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: दिवसा गाडी ठीक चालते, दिवे लावले की बिघडते. म्हणजे पेट्रोलचा संबंध नाही.

रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं कॉइलच्या प्लसवर, किल्ली ऑन, इंजिन बंद. आधी इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेले आहेत ना हे बघा. उघडे असतील तर कॉइलमधून करंटच जात नाही आणि मीटर खोटा दिलासा देतो. किल्ली अशी फार वेळ ऑन ठेवू नका, कॉइल भाजते.

दिवे बंद असताना ०.४ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे वाटेतच तेवढे व्होल्ट वाया. दिवे लावले की १.६! कॉइलला तेवढं कमी मिळायचं, म्हणून झटके. त्यातले दीड व्होल्ट एकाच ठिकाणी जात होते: इग्निशन स्विचची पट्टी आणि तिच्यावरचं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) यांच्यामध्ये.

बॅटरीची निगेटिव्ह काढून स्विच बाहेर घेतला. कुणा जुन्या वायरमनने कॉइल, हेडलाइट, पंखा आणि टेप अशा चार वायरी पिळून एकाच थिंबलमध्ये कोंबल्या होत्या. थिंबल ढिलं, रंग निळसर-तपकिरी, स्लीव्ह वितळून पट्टीला चिकटलेली. हिशेब केला: साधारण १४ अँपिअर गुणिले दीड व्होल्ट, म्हणजे २१ वॉट. आपली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. मी डॅशमागे ती चालू ठेवून घाट चढत होतो! फ्यूज उडायचा प्रश्नच नव्हता, कारण करंट जास्त नव्हताच. सांधा खराब होता.

वायर कापली तर आतली तांब्याची तार इंचभर काळी. लखलखीत तार दिसेपर्यंत मागे कापत गेलो, शेवटी जवळजवळ चार बोटं गेली. सोल्डर न करता नीट क्रिंप केलेलं (दाबून बसवलेलं) नवं थिंबल लावलं. पट्टी पॉलिशपेपरने घासली. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दिला: त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीपासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून दिव्यांकडे. जुनी वायर आता फक्त रिले ओढते. पंखा आणि टेपची वेगळी फ्यूज लाइन केली. स्विचवर मुख्यतः कॉइल उरली.

आता दिवे लावूनही ड्रॉप ०.१५. काल रात्री कात्रजच्या जुन्या घाटातून जाऊन आलो, चाळीस मिनिटं दिवे चालू. किल्ली गार. दिवे इतके पांढरे या गाडीत मी कधी पाहिले नव्हते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी संपल्या, त्यामुळे ही वायरिंग तोंडपाठ असलेले मिस्त्री शोधावे लागतात. कुणाकडे मूळ स्विच पडून असेल तर कळवा. माझ्या स्विचची पट्टी तापून मऊ पडली आहे, किती दिवस पकड धरेल सांगता येत नाही.

इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह सेल्फ मारताना ०.६ व्होल्ट दाखवतंय, म्हणजे अर्थिंगचा सांधाही धड नाही. पुढच्या रविवारी अर्थची पट्टी.