लहान्याला सोडून नाही

पूर्व लंडनमधल्या एका इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात मी नर्स आहे. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीला 93 वर्षांच्या एक बाई आल्या. घरात पडून खुबा मोडलेला, सकाळी पहिलंच ऑपरेशन. मनात मी त्यांना आजीच म्हणत होते.

नाव-जन्मतारखेची पट्टी मनगटावर असल्याशिवाय इथे औषधाला हात लावता येत नाही. आजींनी ती दोनदा ओढून काढली. तिसऱ्यांदा झटापटीत त्यांच्या पापुद्र्यासारख्या कातडीला ओरखडा आला, चादरीवर रक्ताचा थेंब पडला. मी तिथेच थांबले. आजी भ्रमात होत्या, पण एकच वाक्य घोकत होत्या : "चिठ्ठी बांधू नका. लहान्याला सोडून मी जाणार नाही." बरोबरची म्हणाली, गुंगीचं औषध विचारू या का डॉक्टरांना? मला ते पटेना.

तेवढ्यात कपड्यांची पिशवी घेऊन लेक आली. तिला विचारलं, लहान्या कोण? ती खुर्चीत बसलीच.

1 सप्टेंबर 1939. युद्ध जाहीर व्हायला अजून दोन दिवस होते, पण बॉम्बच्या धास्तीने शहरांतली मुलं खेड्यांकडे पाठवायला सुरुवात झाली होती. पहिल्या काही दिवसांत मुलं, लेकुरवाळ्या आणि शिक्षक मिळून पंधरा लाखांच्या आसपास माणसं हलवली. आजी सात वर्षांच्या, भाऊ पाच. खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा आणि कोटाला सुतळीने बांधलेली नावाची चिठ्ठी. आईने बजावलेलं, हात सोडू नकोस.

सॉमरसेटमधल्या एका खेड्यात गावच्या हॉलमध्ये मुलांना रांगेत उभं केलं आणि गावकरी निवडून घेऊ लागले. सरकार एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग देई. एकाहून जास्त ठेवली, तर प्रत्येकी साडेआठ. दोघांना एकत्र घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी एका बाईने भावाची चिठ्ठी वाचली आणि त्याला हाताला धरून नेलं. मग दोघांची भेट फक्त रविवारी, चर्चमध्ये.

बॉम्ब काही पडेनात, म्हणून नाताळात आई दोघांना घरी घेऊन आली. तेव्हा असंख्य आयांनी तेच केलं. आणि पुढच्या 7 सप्टेंबरपासून लंडनवर सलग 57 रात्री बॉम्ब पडले! ही भावंडं भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपत. लेक म्हणाली, "त्या रात्रींबद्दल आई हसतमुखाने सांगायची. भाऊ कुशीत असायचा ना! त्या हॉलबद्दल मात्र एकदाच बोलली."

मी आजींच्या उशाशी गुडघे टेकले आणि माझं ओळखपत्र त्यांच्या हातात दिलं. "हे बघा, माझ्याही गळ्यात चिठ्ठी आहे. तुम्हाला एकटं पाठवणार नाही. मी बरोबर येते." त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. बऱ्याच वेळाने मनगट पुढे केलं. पट्टी मी सैलच बांधली.

साडेसातला माझी पाळी संपली. शब्द दिला होता, घरी कशी जाणार? ट्रॉलीबरोबर चालत गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मुखवटा लावला तेव्हा माझ्या ओळखपत्राची निळी फीत आजींच्या मुठीत होती. वाकूनच उभी राहिले मी, मूठ सैल होईपर्यंत.