३ नंबरच्या गाडीने डॉन्डीच्या गावाला

माझे वडील कराडला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यामुळे कुठेही गेलो की मला आधी अक्षरं दिसतात, मग गाव. जर्सी सिटीला भाच्याकडे उतरलो होतो. त्याने विचारलं, "मामा, रविवारी लिबर्टीचा पुतळा की टाइम्स स्क्वेअर?" म्हटलं, न्यूयॉर्कची ३ नंबरची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे. अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत.

हे सगळं डॉन्डीसाठी. डोनाल्ड व्हाइट, जन्म १९६१, ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागातला. सत्तरच्या दशकात सबवेच्या डब्यांवर स्प्रेने नावं रंगवणाऱ्या पोरांत माझ्या मते सगळ्यात साफ हात याचा. ही पोरं स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, 'रायटर' म्हणवत. आमचे वडीलही 'बोर्ड रंगवतो' असं कधी म्हणाले नाहीत, 'बोर्ड लिहितो' म्हणायचे.

अडचण अशी की रुळांवरचं त्याचं काम आज पाहायलाच मिळत नाही. डबे रसायनांनी धुतले गेले आणि १२ मे १९८९ला सबवे ग्राफिटीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. मग बघायचं काय? डबा केवढा, गाड्या उभ्या करायचं यार्ड कुठे, गाडी कुठल्या उजेडात दिसायची, एवढंच. मला तेवढं पुरलं.

सुरुवात ब्रुकलिनमधल्या बरो हॉल स्टेशनाजवळच्या ट्रान्झिट म्युझियमपासून करा. ते जमिनीखालच्या एका बंद पडलेल्या खऱ्याखुऱ्या स्टेशनात आहे आणि फलाटाला जुने डबे लावून ठेवलेत. आठवड्यातले काही दिवस बंद असतं, तेव्हा वेळ बघून निघा. जुन्या डब्याच्या बाहेरच्या अंगाला हात लावून उभे राहा. आयआरटी, म्हणजे नंबरच्या गाड्यांच्या मार्गांवरचा डबा ५१ फूट लांब. १९८०मध्ये ३ नंबरच्या शेवटच्या स्टेशनाजवळ, न्यू लॉट्सच्या यार्डात डॉन्डीने 'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह' नावाने असे तीन डबे टोकापासून टोकापर्यंत रंगवले, तेही रात्री, चोरून. दोन गाड्यांमधल्या बोळात मागे सरकून काम बघायलाही जागा नसते. वडील दर दोन अक्षरांनी रस्ता ओलांडून पलीकडून बघायचे. डॉन्डीला ती सोय नव्हती, आणि तरी अक्षरांची उंची ढळलेली नाही. हे आपल्याला कळतं ते मार्था कूपरमुळे. ही छायाचित्रकार त्याच्यासोबत यार्डात जाऊन फोटो काढत होती.

बरो हॉलवरून ३ नंबरची गाडी. इथे आम्ही फसलो: गप्पांच्या नादात २ नंबरमध्ये बसलो. दोन्ही एकाच फलाटावर येतात, पण फ्रँकलिन अ‍ॅव्हेन्यूनंतर फाटे फुटतात. प्रेसिडेंट स्ट्रीटला उतरून उलटं यावं लागलं. फ्रँकलिनला पाटी वाचा. उशिरा रात्री ३ नंबर ब्रुकलिनमध्ये येतच नाही, तिच्याऐवजी ४ नंबर न्यू लॉट्सला जाते. पण दिवसाच जा, उगाच रात्रीचा उत्साह नको. यूटिका स्टेशन सोडलं की गाडी बोगद्यातून वर येते आणि घरांच्या छपरांच्या उंचीने धावते. खिडकी पकडा. यार्ड शेवटच्या स्टेशनापलीकडे आहे. कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळात सहाशेच्या वर व्होल्ट असतात.

तिकिटाचं सोपं आहे: बँकेचं कार्ड टेकवा. मात्र आठवडाभर तेच कार्ड वापरा, म्हणजे ठरावीक रक्कम झाली की पुढचे प्रवास फुकट. फोन आणि कार्ड वेगवेगळे मोजले जातात. हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

कॅनव्हासवरची कामं बघायची असतील तर मॅनहॅटनमध्ये १०३व्या रस्त्यावरचं न्यूयॉर्क शहराचं संग्रहालय. मार्टिन वाँग या चित्रकाराने जमवलेला ग्राफिटीचा मोठा साठा १९९४मध्ये त्यांना दिला, त्यात डॉन्डीही आहे. पण तो कायम मांडलेला नसतो, आधी चौकशी करा. आमच्या वेळी नव्हता. चडफडत १०६व्या रस्त्यावर पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या शाळेच्या आवारापर्यंत चालत गेलो. याला ग्राफिटी हॉल ऑफ फेम म्हणतात. भिंती भडक, ताज्या. शाळा असल्याने बाहेरूनच बघायचं. डॉन्डी पुढे युरोपातल्या गॅलऱ्यांत पोचला आणि १९९८मध्ये एड्सने गेला. सदतीस वर्षांचा होता.

शेवटी ब्राँक्समधलं इंटरव्हेल अ‍ॅव्हेन्यू स्टेशन. छायाचित्रकार हेन्री चॅलफंट इथे फलाटावर उभा राहून समोरच्या फलाटाला लागलेल्या गाडीचे फोटो काढायचा. एक डबा एका चौकटीत मावत नाही, म्हणून सरकत सरकत चार-पाच फोटो घेऊन नंतर जोडायचा. भाच्याने मोबाइलवर तसं करून बघितलं. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबली असेल. तिसऱ्या फोटोला दारं मिटली, चौथ्यात नुसती चंदेरी रेघ. "परत करू," म्हणाला, आणि आम्ही पुढच्या २ नंबरची वाट बघत बसलो.