बेळगाव, चंदगड आणि आमची आजी

परवा शहापूरला आत्याकडे गेलेलो, तिथं परत तोच विषय निघाला, बेळगाव कुणाचं. मला दरवेळी वाटतं, आधी इथली माणसं कुठनं कुठं गेली ते तर बघूया की.

आता शहापूरच घ्या. आज बेळगाव कुठं संपलं नि शहापूर कुठं सुरू झालं हे नवख्याला कळत पण नाही, पण स्वातंत्र्यापर्यंत शहापूर सांगली संस्थानात, पटवर्धनांकडे, आणि बेळगाव इंग्रजांकडे, म्हणजे एकाच बाजारात भाजी घेणारी माणसं दोन वेगवेगळ्या राज्यांची होती. मग १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं काढून म्हैसूर राज्याला (आजचं कर्नाटक) जोडला आणि चंदगड तालुका तेवढा मागे ठेवला, तो गेला कोल्हापूर जिल्ह्यात. आजीचं माहेर चंदगडचं. लग्न होऊन आली तेव्हा सासर-माहेर एकाच जिल्ह्यात होतं, आणि पुढं ती कुठंच हलली नाही तरी माहेर परराज्यात गेलं. चंदगडची माणसं आजपण दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला बेळगावातच येतात.

आणि तिची सासू, म्हणजे आमची पणजी, बैलहोंगलकडची. ती देवाचं सगळं कन्नडमधे म्हणायची आणि भांडायची मराठीत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मधे निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर कर्नाटकाला असं सुचवलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. पण आमच्यासारख्या घराची मातृभाषा कुठल्या रकान्यात लिहायची?

मी मराठी माणूस आहे आणि १७ जानेवारीला ५६ सालच्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हात जोडतो. १९८६ ला पण कन्नडसक्तीच्या विरोधात माणसं गोळीबारात गेली, ते विसरायचं नाही. पण गल्ली बदलली ती नुसत्या सक्तीनं नाही. सरकारी ऑफिसं आली, १९९८ ला विश्वेश्वरय्या टेक्निकल युनिव्हर्सिटी झाली, २०१२ ला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, त्याबरोबर धारवाड, हुबळी, गदगकडची कुटुंबं नोकरीला आली नि इथलीच झाली, आणि आमची पोरं पुण्याला, गोव्याला गेली ती गणपतीपुरती येतात. मराठी शाळांचे पट कमी झाले त्याचं मला फार वाईट वाटतं, पण पोरांना इंग्लिश मीडियमला आपणच घातलं ना, हे पण बोललं पाहिजे.

शेजारी आता गदगचे लोक राहतात. त्यांची बारकी पोरगी आमच्या दारात येऊन आईला "मावशी, काय करालाय?" म्हणून विचारते, अगदी बेळगावी हेल काढून, आणि आई तिला कन्नडमधनं उत्तर देते.

आजीची धाकटी बहीण अजून चंदगडलाच आहे, नव्वदीच्या पुढं. तिला ५६ सालचं सगळं आठवतं. दिवाळीत जाऊन दोन दिवस राहणारेय आणि फोनवर रेकॉर्ड करून घेणारेय.