तुम्ही विचारलंत म्हणून: नामिबियात माणसं इतकी कमी का?

नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, सहा वर्षं गणित शिकवून परत आले, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतो, "वाळवंट ना, मग कोण राहणार तिथे?"

आधी आकडा सांगते. नैऋत्य आफ्रिकेतला हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. 2023च्या जनगणनेत तिथे माणसं भरली 30 लाखांच्या थोडी वर, म्हणजे 2011 साली एकट्या पुणे महापालिकेत होती त्याहूनही कमी. चौरस किलोमीटरमागे चार माणसंसुद्धा नाहीत.

वाळवंटाचं कारण खरंच आहे. पश्चिमेला समुद्राला लागून नामिब, पूर्वेला कलहारी. बारमाही नद्या फक्त सीमेवर, आतल्या नद्या पाऊस पडला तरच वाहतात. म्हणून निम्म्याच्या आसपास लोक ओवांबो आणि त्यांची वस्ती उत्तरेला, जिथे थोडाफार पाऊस होतो. त्यांच्या महांगूची पहिली लापशी खाल्ली आणि मला भरून आलं. महांगू म्हणजे आपली बाजरी. बाकी कावांगो, हेरेरो, डामारा, नामा, झांबेझीकाठचे लोझी, थोडे सान, थोडे गोरे. नामा आणि डामारा मुळात वेगळे, पण भाषा एकच, जिभेच्या टिचक्यांची. रेहोबोथ गावचे लोक दक्षिण आफ्रिकेच्या केपमधल्या गोऱ्या पुरुषांचे आणि नामा स्त्रियांचे वंशज. ते स्वतःला 'बास्टर', म्हणजे संकरित किंवा अनौरस, म्हणवतात, तेही अभिमानाने.

पण विंडहुकहून उत्तरेला गाडीने निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासन् तास तारेची कुंपणं दिसतात. आत गवत, गुरं आणि माणूस एखादाच. हे वाळवंट नव्हे, हा हेरेरोंचा गुरचराईचा मुलूख. जर्मन वसाहतवाल्यांनी तो बळकावायला घेतला आणि 1904 साली हेरेरो उठले. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर त्यांना ओमाहेकेच्या निर्जळ रानात हाकललं, पाणवठे अडवले. ऑक्टोबरमध्ये जर्मन जनरल फॉन ट्रोथाने लेखी हुकूम काढला: हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. उरलेल्यांना छावण्यांत डांबलं. नामा लोकांचंही तेच झालं. ल्यूडेरिट्झ बंदराजवळच्या शार्क बेटावर थंडीने आणि उपासमारीने माणसं मेली. इतिहासकारांच्या अंदाजाने 1908पर्यंत पाचांतले चार हेरेरो आणि निम्मे नामा संपले होते. जर्मनीने याला वंशसंहार म्हटलं ते 2021 साली.

ओवांबोंचा प्रदेश गोऱ्या वसाहतींच्या हद्दीबाहेर राहिला, त्यांची जमीन शेतमळ्यांसाठी गेली नाही. आज ते निम्मे आहेत आणि हेरेरो शंभरात आठ-दहासुद्धा नाहीत, त्यात पावसाइतकाच याचाही हात आहे. म्हणून "वाळवंट ना" एवढ्यावर मी गप्प बसत नाही.

शाळेतली माझी एक सहकारी हेरेरो होती. ऑगस्टमध्ये ती मला ओकाहांजा गावी घेऊन गेली. पूर्वजांच्या थडग्यांपाशी बायका पायघोळ झग्यांत, डोक्याला गाईच्या शिंगांसारखं बांधलेलं कापड, अशा रांगेने चालत होत्या. तिची पणजी तान्ही असताना आईच्या पाठीवर ओमाहेके ओलांडून गेली, आजच्या बोटस्वानात. घरातले निम्मे लोक अजून तिकडेच आहेत. जनगणनेचे लोक दारात आले तेव्हा तिने सगळ्यांची नावं नीट सांगितली आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "तिकडच्यांची मोजणी तिकडे झाली. वाटेत राहिले त्यांची कुठेच नाही."