तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अंधूक ठिपक्यात काय बघते?

आकाशदर्शनाला आलेल्यांची पहिली मागणी शनीच्या कड्यांची असते, दुसरी चंद्रावरच्या विवरांची. रास्तच आहे. सगळ्यांचं बघून झालं की मी दुर्बीण आकाशाच्या एका रिकाम्या वाटणाऱ्या कोपऱ्याकडे वळवते आणि पाऊण तास तिथून हलत नाही. मग कोणीतरी विचारतंच, "ताई, एवढं काय बघता? जोडतारा बघायचा तर वसिष्ठ-अरुंधती आहेत की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बघत असते ४० एरिडानी. मृगाच्या पायाशी राजन्य हा तारा आहे ना, तिथून पश्चिमेला हात लांब करून दीड मूठ मोजा. तिथला हा चौथ्या प्रतीचा साधासा तारा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगला वर आलेला असतो. दुर्बिणीत त्याच्या शेजारी एक फिकट ठिपका दिसतो, साडेनवाव्या प्रतीचा. तो ठिपका म्हणजेच एक जोडी आहे. दुसरा तारा अकराव्या प्रतीचा, म्हणजे आणखी मंद, आणि दोघांमधलं अंतर आठ-नऊ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). रुपयाचं नाणं अर्ध्या किलोमीटरवर धरलं तर जेवढं दिसेल तेवढंच.

माझी दुर्बीण आठ इंची आहे, तरी तो दुसरा तारा बघताक्षणी सापडत नाही. अर्धा तास मोबाईल बंद, उजेड फक्त तांबड्या बॅटरीचा. मग नेत्रिकेला डोळा लावायचा आणि नजर मुद्दाम किंचित बाजूला ठेवायची, कारण डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेकडचा भाग मंद उजेड जास्त टिपतो. सरळ बघितलं की तारा विरतो. हवा थरथरत असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळून जातात. थांबायचं. मग एखाद्या क्षणी हवा स्थिर होते आणि दोन सुटे दिसतात. त्या क्षणी माझा श्वास अजूनही अडकतो.

कारण त्यातला उजळ आहे तो मेलेला तारा आहे. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपल्यावर मागे उरलेला ताऱ्याचा गाभा. १९१० साली खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी या अंधूक ताऱ्याच्या वर्णपटाची हार्वर्ड वेधशाळेत चौकशी केली. तिथल्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी पाहून सांगितलं की तारा तप्त, पांढऱ्या जातीचा आहे. एवढा तापलेला आणि तरी एवढा मंद, हे तेव्हा कोणाच्याच हिशेबात बसत नव्हतं. बसायचं तर तारा अतिशय लहान हवा. तसाच निघाला: वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आकार साधारण पृथ्वीएवढा. अशा ताऱ्याचं वस्तुमान किती वाढू शकतं, ती मर्यादा भारतीय खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी १९३० साली मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीवर मांडायला घेतली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

श्वेतबटू आकाशात भरपूर आहेत, पण हौशी माणसाच्या दुर्बिणीत इतक्या सहज सापडणारा हाच. व्याधाचा जोडीदार जास्त तेजस्वी आहे, पण व्याधाच्या झगमगाटात तो हरवतो. सूर्याचंही पाच-एक अब्ज वर्षांनी हेच होणार आहे. ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि सोळा वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड स्वतःच्या डोळ्यात पडणं वेगळं. फोटोत हे सगळं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं, मान्य आहे. पण फोटोतल्या ताऱ्यासाठी मला थांबावं लागत नाही, आणि थांबल्याशिवाय तो माझा होत नाही.

दर हिवाळ्यात मी वहीत दोन ठिपके काढते, कोण कोणत्या बाजूला तेवढंच. आठ वर्षांची चित्रं शेजारी ठेवली तर माझ्या डोळ्याला फरक कळत नाही. त्यांची एक फेरी व्हायला सुमारे २३० वर्षं लागतात. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांनी ही जोडी १७८३ च्या जानेवारीत पाहिली, म्हणजे त्यानंतरची पहिली फेरी आत्ता कुठे पुरी झाली आहे. दुसऱ्या फेरीतली आठ चित्रं माझ्या वहीत आहेत. नवव्यासाठी पान कोरं ठेवलंय.