एआर-३ए चे मुके ट्वीटर

जुने स्पीकर विकणारा "चालू आहेत" म्हणतो, तेव्हा त्यातून आवाज येतो एवढंच समजायचं. कुठून येतो, ते आपणच कान लावून बघायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टरजवळच्या एका घरात सामान विकायला काढलं होतं. तिथे एआर-३ए, म्हणजे अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या ३ए स्पीकरची जोडी दिसली आणि मी सरळ गुडघ्यांवर बसून एकेका ड्रायव्हरपाशी, म्हणजे पेटीतल्या आवाज काढणाऱ्या एकेका भागापाशी, कान नेला. खालचे सूर देणारा वूफर फाटका वाजत होता, मधले सूर देणारा मिडरेंज दबलेला, आणि वरचे सूर देणारे दोन्हीकडचे ट्वीटर ठार गप्प. घरच्या बाईंनी आपणहून सांगितलं की ट्वीटर गेलेत, म्हणून किंमत कमी ठेवलीय. मी लगेच हो म्हटलं. या मॉडेलचा ट्वीटर गप्प असेल तर पहिला संशय मागच्या पॉटवर, म्हणजे त्याचा आवाज कमी-जास्त करायच्या फिरत्या बटणावर, घ्यायचा असतो.

अकूस्टिक रिसर्च ही मूळची आमच्या इथलीच, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या थॉर्नडाइक स्ट्रीटवरची कंपनी. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी ती १९५४ साली काढली. तोवर खर्ज नीट हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चरनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. ३ए आला १९६७ मध्ये: १२ इंची वूफर, वर मिडरेंज आणि ट्वीटरचे दोन छोटे घुमट. एकेक नग २४ किलोचा, गाडीत चढवायला दोघं लागतात.

पेटी हवाबंद आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. दोन्ही तळव्यांनी वूफर अलगद आत दाबायचा आणि सोडायचा. तो सावकाश बाहेर आला तर पेटी धड आहे. माझे दोन्ही टपकन परत आले, कारण कडेचा फोम बोट लावताच चुरा होऊन खाली पडत होता. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत नुसता पडूनही सडतो. त्यामुळे "फार वापरलेच नाहीत" या शिफारशीला मी काडीची किंमत देत नाही.

पॉटपर्यंत पोचायला वूफर काढावा लागतो आणि आतली ग्लासवूल उपसावी लागते. हातमोजे आणि मास्क लावूनच. पॉट उघडला तर आत हिरवट गंजाचा थर, आणि फिरणारी पट्टी तारेला टेकतच नव्हती. बारीक पॉलिश पेपर, मग स्पिरिट, मग कॉन्टॅक्ट ग्रीसचा एक पुसट हात. जोडून वाजवला तर ट्वीटर बोलला! दुसऱ्या नगातही तीच कथा. किती धडधाकट ट्वीटर असे "गेले" म्हणून कचऱ्यात गेले असतील, या विचाराने जीव हळहळतो.

फोम बदलण्यात चिकटवण्यापेक्षा खरवडण्यालाच वेळ जातो. जुना गोंद स्पिरिटने मऊ करून कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूच्या, कागदाला धक्का न लावता काढायचा. घाई केली की कागद सोलवटतो. नवीन फोम आधी कोनला, मग फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडून कोन बोटांनी मध्यावर आणायचा. कोनमागची तारेची कॉइल घासत असेल तर खरखर लगेच ऐकू येते.

वरचे-खालचे सूर ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरकडे वाटून देणाऱ्या सर्किटमधले कपॅसिटर मात्र मोजल्याशिवाय बदलू नयेत, हे माझं ठाम मत. यात ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे असतात. माझ्याकडचे ६ चे आठाच्या घरात गेले होते, ते बदलले. बाकीचे ठीक निघाले, ते तसेच ठेवले. सरसकट सगळं नवीन घातलं तर आपण घेतलेला स्पीकर शिल्लक राहतो कुठे?

सगळं जुळवल्यावर मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावली. डग्ग्यावर तळवा सरकला की घुमारा वाकतो ना, तो आता खोलीत वाकतो. तानपुऱ्याचा खर्जही वेगळा काढून ऐकावा लागत नाही.

कुणी घेणार असाल तर अँपचा, म्हणजे स्पीकरला पॉवर देणाऱ्या अँप्लिफायरचा, विचार आधी करा. हे चार ओहमचे आहेत आणि त्यांना पॉवर भरपूर लागते. माझा जुना रिसीव्हर (रेडिओ आणि अँप एकाच डब्यात) तासाभरात हात लावू देत नाही इतका तापायचा, तो आता स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरना जोडलाय.